तिसरी कोठी

डबा रिकामा परत आला. मीराने झाकण उघडलं, आत पाहिलं, झाकण लावलं आणि पुन्हा उघडलं, जणू मधल्या वेळात आत काही येऊन बसणार होतं. घासून, पुसून, चटणीचा वासही उरणार नाही इतका कोरडा केलेला स्टीलचा डबा. अनुपमाने तो पिशवीत घालून दाराच्या कडीला अडकवला होता आणि बेलही न वाजवता समोरचं आपलं दार लावून घेतलं होतं. कुणाचं भांडं रिकामं परत करू नये ही काही कुणी शिकवायची गोष्ट नव्हे. घरात काही नसलं तर माणसं चिमूटभर साखर टाकतात. अनुपमाच्या डब्यांतून इतकी वर्षं कुळथाची पिठी आली होती, गावाहून आलेलं खाजं आलं होतं, आमसुलं आली होती, आणि एकदा महिनाअखेरीला दोन हिरव्या मिरच्याच आल्या होत्या. त्या मिरच्यांवरून दोघी जिन्यात उभ्या राहून डोळ्यांत पाणी येईतो हसल्या होत्या. आज काहीच नव्हतं. "विसरली असेल," भीमराज पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला. नवऱ्यांना असल्या गोष्टी कळत नाहीत हे मीराने फार पूर्वीच मान्य केलं होतं, म्हणून ती त्याच्याशी वाद घालत बसली नाही. पण विसरलेला डबा कुणी इतका पुसत नाही, एवढं तिला कळत होतं. डबा ओट्यावर ठेवला तेव्हा हे आता किती दिवस चालणार ह्या विचाराने तिला खरोखरच भीती वाटली.

कारण उघड होतं. आदल्या संध्याकाळी मीराने वसाहतीच्या रहिवासी मंडळाच्या अध्यक्षपदासाठी नाव दिलं होतं, आणि त्याच पदासाठी अनुपमाचा नवरा चंद्रप्रकाश उभा होता. आता विक्रोळीतल्या एका वसाहतीचा अध्यक्ष म्हणजे काही देशाचा राष्ट्रपती नव्हे, असं बाहेरचा कुणीही म्हणेल. म्हणू दे. ही वसाहत परळ-लालबागच्या गिरण्यांतून बाहेर पडलेल्या कोकणी माणसांनी उभी केली होती आणि त्यांच्या लेखी ह्या अध्यक्षाहून मोठा अध्यक्ष अजून व्हायचा होता. मतदानाची रीतही त्यांचीच. घरटी एक मत. मत म्हणजे कांडी, गिरणीत जिच्यावर सूत गुंडाळत ती लाकडी बॉबिन. मंडळाच्या ट्रंकेत अशा कांड्या जपून ठेवलेल्या होत्या. मतदानाला हॉलमध्ये यायचं, दशरथकाकांच्या हातून एक कांडी घ्यायची, पडद्यामागे जायचं आणि ज्याला मत द्यायचं त्याच्या पिंपात टाकायची. पिंपं दोन होती, कारण उमेदवार नेहमी दोनच असत. एक मालवणकडच्या लोकांचा, एक राजापूरकडच्या लोकांचा. आणि कांडी टाकायची ती घरातल्या बाईने. त्याचं कारण साधं होतं. पूर्वी पुरुष पाळीवर असत, हॉलमध्ये यायला बायकाच मोकळ्या. गिरण्या गेल्या, पाळ्या गेल्या, पुरुष दिवसभर घरात पाय पसरून बसू लागले, तरी ही रीत राहिली. म्हणजे मत बायकांचं आणि उभे राहणार पुरुष. कांडी कुठे टाकायची हे निघताना घरातूनच सांगितलं जाई, आणि आत पडदा असल्यामुळे बायका ऐकत की नाही हे देवाला ठाऊक.

मीरा गिरणीवाल्यांपैकी नव्हती. लग्न होऊन ती वाशिमकडून आली, भीमराजला तेव्हा इथल्या कारखान्यात नोकरी होती, आणि एका निवृत्त साच्यावाल्याची, म्हणजे गिरणीतल्या विणकराची, खोली त्यांनी विकत घेतली. वसाहतीत येऊन अर्धं आयुष्य गेलं, मुलगी इथेच जन्मली, पण 'नवीन बिऱ्हाड' हे नाव काही सुटलं नाही. सुरुवातीला त्या नावात आणखीही काही असे. मीराच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लागला त्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या दोन बायकांनी तिच्याकडचं पाणी घ्यायचं टाळलं होतं. त्याच आठवड्यात समोरच्या दारातून एक सावळी, दात किंचित पुढे असलेली बाई कमरेवर हात ठेवून बाहेर आली आणि म्हणाली, "काय गो, तुझ्याकडे वाटीभर पीठ मिळेल?" पीठ तिच्याकडे भरपूर होतं हे मीराला पुढे कधीतरी कळलं. ती वाटी परत आली तेव्हा तीत गूळखोबरं होतं. तेव्हापासून भांडी जात-येत राहिली. मुलं तर कोणाच्या घरात जेवली हे रात्री विचारावं लागे. मीराची संघमित्रा आणि अनुपमाचा सिद्धेश, एकाच वर्गात, एकाच बाकावर, आणि पुढे एकाच अभ्यासिकेत.

सगळं घडलं ते त्या अभ्यासिकेपायी. पंपघराला लागून एक लांबोडकी खोली होती, सिमेंटच्या गोण्या ठेवायची. मीरा घाटकोपरच्या पोस्टात नोकरीला होती. तिने तिथल्या मोडीत निघालेल्या लाकडी बाकांसाठी साहेबाकडे खेटे घातले, भीमराजने ट्यूबलाइटी लावल्या, आणि खोलीत दहावीची मुलं बसू लागली. किल्ली मीराकडे राहिली. पोस्टातून आली की चप्पल न काढता आधी अभ्यासिका उघडायची, मग घर. परीक्षेच्या दिवसांत अनुपमा किटलीभर चहा घेऊन येई आणि दारातूनच पोरांना दम देई, "बिस्किटं मोजून घेतली हा मी." दोन खोल्यांत सात माणसं राहणाऱ्या घरांतल्या मुलांना तिथे पहिल्यांदा स्वतःची अशी एक हात जागा मिळाली. त्या खोलीला एक वास होता, पंपाच्या तेलाचा, ओल्या भिंतीचा आणि नव्या वह्यांचा. अजूनही तो वास आला की मीराला वाटे, आपण आयुष्यात एक तरी काम नीट केलं. आता वसाहत पाडून तिथे टॉवर व्हायचे होते. दोन बिल्डर, दोन नकाशे. एक नकाशा मालवणकडच्या चंद्रप्रकाशच्या पसंतीचा, दुसरा देवेशच्या. देवेश म्हणजे राजापूरकडचा उमेदवार, हसरा, प्रत्येकाच्या खांद्यावर हात टाकणारा. नकाशे हॉलमध्ये लावले तेव्हा सगळ्यांबरोबर मीराही पाहायला गेली. व्यायामशाळा होती, लग्नाचा हॉल होता, चालायला गोल रस्ता होता. अभ्यासिका कुठेच नव्हती, ह्याही नकाशात नाही आणि त्याही नाही. तिने बोट फिरवत पुन्हा पाहिलं. मग गच्चीवर पापड वाळत घालताना अनुपमाला सांगितलं, "चंद्रप्रकाशभाऊंना म्हणावं, अभ्यासिका राहिली." अनुपमा म्हणाली, "करतील गो ते." पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा अनुपमाने पापड उलटता उलटता विषयच बदलला, आणि त्या संध्याकाळी मीरा हॉलमध्ये जाऊन दशरथकाकांना म्हणाली, "काका, माझं नाव घ्या." दशरथकाका जुने जॉबर, गिरणीतले मुकादम, आता मंडळाचे निवडणूक अधिकारी. त्यांनी चष्मा वर सरकवून तिच्याकडे पाहिलं. "कशासाठी?" "अध्यक्षासाठी." मग काकांना जी खरी अडचण वाटली ती त्यांनी सांगितली, "पण बाय, पिंपं दोनच आहेत."

डबा रिकामा आला त्याच दिवशी चंद्रप्रकाश घरी आला. सरळ माणूस. खोटं बोलला तर कान लाल होणारा. "वहिनी, अभ्यासिका मी माझ्या पत्रकात घातली बघा," तो म्हणाला, आणि पत्रक तिच्यासमोर ठेवलं. खरंच होतं, सगळ्यात वर. "देवेशनेही घातली म्हणे. मग आता तुमचं काम झालं ना? नाव मागे घ्या. तुम्ही उभ्या राहिलात तर तुमची माणसं, अभ्यासिकेतल्या पोरांच्या आया, सगळी माझीच मतं आहेत. ती तुमच्याकडे जाणार आणि देवेश आरामात निघणार." मीराने पत्रक वाचलं, त्याची घडी घातली. "मी उभी राहिले म्हणून घातलीत ना, भाऊ? मी बसले की काढाल." चंद्रप्रकाशचे कान हळूहळू लाल झाले, आणि तो चहा न पिताच गेला. तो गेल्यावर मीराला त्याची दया आली. देवेश निवडून आला तर काय होईल हे तिलाही दिसत होतं. बिल्डरच्या गाडीतून फिरणारा माणूस, तो बिल्डरचंच ऐकणार. म्हणजे आपण चांगल्याला पाडून वाइटाला आणायला निघालोय का? हा प्रश्न तिच्या मागे लागला तो भाजी निवडताना, पोस्टात ठसे मारताना, अंघोळीचं पाणी अंगावर घेताना, कुठेच सुटेना. अंधेरीच्या एका अमेरिकन कंपनीच्या ऑफिसात काम करणारी संघमित्रा म्हणाली, "आई, आमच्या तिकडच्या साहेबांचंही हेच चालू असतं. अमेरिकेच्या अध्यक्षाच्या निवडणुकीत तिसरा कुणी उभा राहिला की झालं, हरलेला म्हणतो ह्याने माझी मतं खाल्ली. आणि तो तिसरा जे ओरडत असतो ना, ते पुढच्या वेळेला ह्या दोघांपैकी कुणीतरी उचलतोच." "तिसऱ्याला काय मिळतं?" मीराने विचारलं. संघमित्राने खांदे उडवले. "शिव्या."

मतं खाल्ली. हा शब्द मीराच्या घशात अडकून बसला. मतं म्हणजे काय कुणाच्या ताटातली पुरणपोळी होती, की हिने हात घालून उचलली? चंद्रप्रकाश 'माझीच मतं' म्हणाला तेव्हा तिला दुसऱ्या इमारतीतली शकु आठवली होती. नवरा दारू पिऊन आला की शकुची मुलगी दप्तर घेऊन अभ्यासिकेत येऊन बसे, आणि मीरा त्या दिवशी मुद्दाम उशिरा कुलूप लावी. त्या शकुचं मत चंद्रप्रकाशचं कधी झालं? देवेशचं तरी कधी? ते तिचं होतं, तिच्या हातात येणाऱ्या लाकडाच्या तुकड्याएवढंच होतं, पण तिचं होतं. असा विचार केला की मीराला बळ येई. मग जिन्यात अनुपमाची चाहूल लागे आणि ती आपल्या दाराआडच थांबून राही. एकदा दोघी समोरासमोर आल्याच. वर जाणारी मीरा, खाली येणारी अनुपमा, हातात कचऱ्याची बादली.

"डबा मिळाला," मीरा म्हणाली.

"मिळाला ना? मग झालं तर."

"अनुपमा, मी तुला सांगितलं होतं गं. गच्चीवर."

"पापड घालताना बोललेलं काय मी ध्यानात ठेवू?" अनुपमा एरवी मुंबईचं बोले, पण रागावली की सरळ मालवणात पोचे, आणि आता ती पोचली. "माझ्या घोवाची मतां खातलंस तू, आनि काय. लोक माका विचारतत, तुझी मैत्रीण ना गो ती?"

मीराला सांगायचं होतं की मी तुझ्याविरुद्ध उभी नाही, मी त्या नकाशाविरुद्ध उभी आहे. पण जिन्यात, कचऱ्याची बादली मध्ये असताना, असली वाक्यं बोलता येत नाहीत. अनुपमा तिला वळसा घालून खाली गेली. तिच्या पावलांचा आवाज मीरा शेवटच्या पायरीपर्यंत ऐकत राहिली.

तिसऱ्या पिंपाचा प्रश्न मीरानेच सोडवला. घरात तांदळाची पत्र्याची कोठी होती, चांगली कमरेएवढी. तांदूळ पातेल्यांत काढले, कोठी चिंचेने घासली, उन्हात वाळवली, बाहेरून आपलं नाव चिकटवलं आणि शनिवारी भीमराजने ती हॉलमध्ये नेऊन दोन पिंपांच्या शेजारी ठेवली. स्वच्छतेपलीकडे तिला काही सुचलं नाही. दशरथकाकांनाही सुचलं नाही. दोन पिंपं इतकी वर्षं तशीच होती, तेव्हा त्यांच्याकडे कोण निरखून पाहणार?

रविवारी सकाळी हॉलमध्ये तिन्ही उमेदवार रिवाजाप्रमाणे भिंतीला लावलेल्या खुर्च्यांवर बसले. पडद्यामागे पिंपं, पडद्यासमोर टेबलाशी दशरथकाका, आणि इमारतीमागून इमारत बायकांची रांग. कुणी नवी साडी नेसून आलेलं, कुणी कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्यावर गॅस बंद करून धावत. पहिली इमारत झाली. बाई आत जाई, बाहेर येई, आत काही हालचाल झाल्याचंही कळत नसे. खाडीकडून वारा आला की पडदा फुगे आणि खाली कोठीची कड दिसे. मीराला बरं वाटत होतं. कुणी बाहेर येताना तिच्याकडे पाहून हसलं की तिला वाटे, हिने दिलं. मग दुसऱ्या इमारतीची रांग लागली आणि तीत शकु होती. शकुने कांडी घेतली, आत गेली, आणि आतून आवाज आला. ठण्ण. देवळातली घंटा वाजावी तसा सगळ्या हॉलभर. शकु बाहेर आली ती तोंडाला पदर लावूनच, आणि कुणाकडे न बघता जवळजवळ पळत निघून गेली.

क्षणभर कुणाला काही समजलं नाही. मग एकदमच सगळ्यांना समजलं. जुन्या दोन पिंपांना आतून गोधडी शिवलेली होती, तळाला आणि कडेने, कोणे एके काळी कुणा शहाण्या बाईने, कांडीचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. मीराची कोठी आतून कोरी होती. आपलीच चूक, आपणच चिंचेने घासून आणलेली. आणि त्यामागोमाग दुसरी गोष्ट ध्यानात आली, तिने तर तिला खुर्चीत बसवेना. म्हणजे इतका वेळ जे काही ऐकू आलं नव्हतं ते सगळं ह्या दोघांचं होतं. ज्या ज्या बाईने हसून पाहिलं होतं तिने हसून दुसरीकडे टाकलं होतं. पहिली सबंध इमारत. एकही नाही. संघमित्रा पुढे झाली आणि म्हणाली, "काका, ह्यात काहीतरी घाला. हे गुप्त मतदान कसलं?" देवेश हसत हसत म्हणाला, "मतदान सुरू झाल्यावर पिंपाला हात लावत नाहीत, काकांनाच विचारा. तिघांची संमती असली तरच." काकांनी मान हलवली, तसाच नियम होता. सगळ्यांनी चंद्रप्रकाशकडे पाहिलं. चंद्रप्रकाश आपल्या चपलांकडे पाहत राहिला. कान लाल झाले, पण त्याने संमती दिली नाही. रांग पुढे सरकली, आणि आता जी बाई आत जाई तिच्यामागे सगळा हॉल श्वास धरून कान देई. अशा वेळी कोण वाजवणार? नवरा दारात उभा, सासू रांगेत मागे. शांतता. पुन्हा शांतता. मीरा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होती आणि तिला आठवत होता तो खालच्या मजल्यावरच्या बायकांनी न घेतलेला पाण्याचा ग्लास. तेव्हाही कुणी काही बोललं नव्हतं. नुसतं कुणी हात पुढे केला नव्हता.

मग तिच्याच इमारतीची पाळी आली. ती उठली, कांडी घेतली, आत गेली आणि आपल्या कोठीत टाकली. ठण्ण. बाहेर थोडं हसू पिकलं, तसं वाईट नव्हतं. कोठीत शकुची एकटी कांडी होती, तिच्या शेजारी आता हिची. पडदा सारून ती बाहेर आली तर टेबलाशी अनुपमा उभी. काकांच्या हातून कांडी घेत होती. दोघींची नजर भेटली नाही, मीरानेच टाळली. उमेदवाराची बायको, तिच्या मताला कोण कान देणार? बायका आपसात बोलू लागल्या होत्या. चंद्रप्रकाश रुमालाने चष्मा पुसत होता.

ठण्ण.

बोलणं थांबलं. चंद्रप्रकाशच्या हातातला चष्मा तसाच राहिला. पडद्यामागून अनुपमा बाहेर आली, कमरेवर हात ठेवून, त्या पहिल्या दिवशी पीठ मागायला आली होती अगदी तशी. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही, मीराकडे तर नाहीच. "दशरथकाका, जरा थांबा," एवढं म्हणून ती हॉलबाहेर गेली. रांग थांबली. कुणी तरी खाकरलं. मीराला वाटलं आपण रडणार, आणि इतक्या लोकांत रडायचं नाही म्हणून तिने दोन्ही हातांनी खुर्चीची कड धरली. अनुपमा धापा टाकत परत आली ती काखेत गोधडी घेऊनच. सिद्धेश आणि संघमित्रा परीक्षेच्या दिवसांत अभ्यासिकेत बाकांखाली पसरत ती गोधडी. दोघींनी गच्चीवर बसून शिवलेली, एका कडेला मीराची जुनी निळी साडी, दुसऱ्या कडेला अनुपमाची हिरवी.

"ही त्या कोठीत घाला," ती म्हणाली. "आवाज भायर येता. कोणाचा मत कोणाक गेला, ता लोकांक कित्याक कळाक व्हया?"

"तिघांची संमती लागते," काका म्हणाले.

तेव्हा कुठे ती नवऱ्याकडे वळली. नुसती बघत राहिली. चंद्रप्रकाशने चष्मा डोळ्यांवर चढवला, बायकोकडे पाहिलं, गोधडीकडे पाहिलं. हा माणूस आता काय म्हणेल, ह्यावर आपलं बरंच काही अवलंबून आहे असं मीराला वाटलं. मतांचं नव्हे. समोरच्या दाराचं.

"घाला काका," तो म्हणाला. "सिद्धेश त्याच खोलीत बसून इंजिनियर झाला. माझी हरकत नाही."

आता सगळ्यांनी देवेशकडे पाहिलं. देवेशच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तिथेच होतं, पण बायकांच्या सबंध रांगेकडे एकदा नजर टाकून त्याने मान डोलावली. रांगेतल्या त्या सगळ्या बायका अजून मत द्यायच्या होत्या. दशरथकाका स्वतः आत गेले. आतल्या तीन कांड्यांवर त्यांनी गोधडी अंथरली, कडा बाहेर दुमडल्या, हाताने चाचपून पाहिल्या. पडद्याखालून मीराला निळा काठ दिसला. तिच्या घरचं भांडं आता रिकामं नव्हतं, हे तिला एकदम जाणवलं, आणि ती इतकी सुखावली की निकालाचा विचारच मनातून गेला. अनुपमा जाताना तिच्या खुर्चीपाशी थांबली. "कोठी परत नेताना गोधडी माझी दी," ती पुटपुटली. "आनि तो डबो धाडून दी. पिठी केलंय."

पुढची बाई आत गेली. मीराने कान दिला. काही ऐकू आलं नाही. बाई बाहेर आली, तिच्याकडे न पाहता निघून गेली. मग दुसरी, मग तिसरी, आणि आतून काही म्हणजे काही ऐकू येईना. मीरा खुर्चीत मागे टेकून बसली. ही मघाचीच शांतता होती, तेवढीच खोल, पण आता तीतली प्रत्येक कांडी तिचीही असू शकत होती.